भुरीचं पुण्याला जाणं

भुरी पहिल्याच दिवशी रंजिता शहारेच्या घरी आली आणि सासूबाईंच्या दोन कोंबड्या खाऊन गेली. त्या संध्याकाळी रुक्माबाईंनी जाहीर केलं की या घरात एकतर मी राहीन, नाहीतर ते कुत्रं. रंजिताचा नवरा लोकेश यानं बराच विचार करून आईची बाजू घेतली. स्वयंपाकघर आईच्या ताब्यात होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

म्हणून भुरी राहायची ती गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या बंद राइस मिलमध्ये. रस्त्यावरची, कोणाला नको असलेली कुत्री गोळा करायची आणि पडलेल्या घरांखाली दबलेली माणसं हुंगून काढायला त्यांना शिकवायचं, असा पुण्याच्या एका संस्थेचा उपक्रम होता. मिलची मागची बाजू कधीच कोसळली होती. मालकानं ती जागा संस्थेला मोठ्या मनानं दिली. ढिगारा उचलायला मजूर लावावे लागले असते, ते वाचले, ही गोष्ट त्यानं सत्काराच्या भाषणात घेतली नाही.

गावात पहिला प्रश्न निघाला तो हाच, की गोंदियात भूकंप होत नाही, मग कुत्रं काय शोधणार? त्याला गावातून उभ्या केलेल्या पथकाचा प्रमुख खेमराज बिसेन उत्तर द्यायचा, की पावसाळ्यात मातीची घरं बसतात, गोदामात धानाच्या पोत्यांची थप्पी माणसावर येते, मग तो काय भूकंपाची वाट पाहत आत पडून राहणार? खेमराजची शेती चांगली होती आणि आवाज त्याहून चांगला होता. पथकातून त्याला नारिंगी जॅकेट आणि शिट्टी मिळाली होती. जॅकेट तो लग्नालाही घालून जायचा. शिट्टी लग्नात वाजवू नये, एवढं त्याच्या बायकोनं, राजकुमारीनं, त्याला पटवलं होतं.

रंजिता पथकात आली ती कुत्र्यांना सकाळी भात घालायला. बाकीची कुत्री एकेक करून गळाली. एकाला ढिगाऱ्यापेक्षा ढिगाऱ्याची सावली आवडायची, दुसरं शिट्टी वाजली की मुर्रीच्या बाहेर जाऊन थांबायचं. उरली भुरी. रेल्वेच्या मालधक्क्यावरून उचललेली, अर्धा कान गेलेली, आणि कोणावरही विश्वास नसलेली. रंजिताच्या मागे मात्र ती सावलीसारखी फिरायची. त्यामुळे कुत्रं सांभाळायचं काम रंजिताकडे आणि लपायचं काम बाकीच्यांकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

पुण्याचे धारप सर महिनाभर राहून शिकवून गेले. एक जण ढिगाऱ्याखाली लपेल, भुरी त्याला हुंगून काढेल, समोर बसून भुंकत राहील, मग त्यानं बाहेर येऊन तिच्याशी टायरच्या तुकड्यानं खेळायचं. लपणारा माणूस रोज बदलायचा. कुत्रं सांभाळणाऱ्यानं स्वतः कधी लपायचं नाही. आणि लपणाऱ्याजवळ खायचं काही नको, नाहीतर ते माणूस सोडून बिस्कीट शोधायला शिकेल.

सर गेल्यावर खेमराजनं हा शेवटचा नियम फार कडक पाळला. लपायला जाणाऱ्या प्रत्येकाची तो झडती घ्यायचा. छोटेलाल हमालाच्या खिशातून अर्धा आलुबोंडा निघाला, प्रेमिलाच्या पदरातून चिंचा निघाल्या, शालीकरामच्या टोपीत फुटाणे होते. जप्त केलेला माल खेमराज जागेवरच संपवायचा, म्हणजे पुरावा राहत नसे. खर्र्याची पुडी हाताला लागली तर ती मात्र तो तशीच परत खिशात ठेवायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटघोटून केलेला खर्रा या जिल्ह्यात कोणी खाण्यात धरत नाही. अंगात बनियान असते तसा खिशात खर्रा असतो, बनियानीची झडती कोण घेतो?

खेमराजनं स्वतः तो सोडला होता. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या महादेवापुढे, राजकुमारीच्या देखत, हात वर करून सोडला होता. रंजिता तर खर्र्याला कधी शिवलीच नव्हती. तिच्या वडिलांचं तोंड खर्र्यानं शेवटी चमचा जाण्याइतकंही उघडत नव्हतं, पेज नळीनं घालावी लागायची.

भुरी वर्षभरात अशी तयार झाली की लोक बघायला येऊ लागले. छोटेलाल दगडाखाली लपून झोपून जायचा. त्याच्या मते पथकातलं सगळ्यात कठीण काम तोच करत होता. तिथून भुरी त्याला काढायची. तांदळाच्या कोंड्याखालून काढायची, जुन्या बॉयलरमागून काढायची. धारप सरांना फोनवर सगळं कळत होतं, आणि एक दिवस त्यांनी परीक्षेची तारीख सांगितली.

सोबत त्यांनी निकालाचंही सांगितलं. भुरी पास झाली तर तिला पुण्याच्या मुख्य पथकात नेणार. नापास झाली तर मुर्रीचं केंद्र बंद, आणि कुत्री जिथून आणली तिथं सोडायची. म्हणजे भुरी पुन्हा मालधक्क्यावर.

रंजितानं हा हिशोब दोन दिवस मनात मांडला. वरून बेरीज केली तरी भुरी जाणार, खालून केली तरी जाणार. तिनं लोकेशला विचारलं. लोकेश म्हणाला की पुणे चांगलं शहर आहे, हवा थंड आहे. मग तिनं सासूबाईंसमोर कोंबड्यांची भरपाई करायची गोष्ट काढली. रुक्माबाईंनी विचारलं की कोंबड्या येतील, पण त्या अंडी द्यायच्या तो भरवसा कुठून आणशील? शेवटी रंजितानं ठरवलं की मालधक्क्यापेक्षा पुणे बरं. तिथं निदान कान शिवायला डॉक्टर असेल. ठरवल्यावर तिनं भुरीला विनाकारण रागावून घेतलं आणि मग बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली.

परीक्षेला पुण्याहून एक मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, डोळ्यांवर उन्हाचा चष्मा, आणि कोणी दिलेला चहा कोणता आहे हे न बघता पिणाऱ्या. त्यांनी सोबत त्यांच्याकडचा एक तरुण आणला होता. गाव जमायच्या आत त्याला ढिगाऱ्याखाली लपवून ठेवलं होतं, कुठं ते फक्त मॅडमना माहीत होतं. मिलच्या अंगणात सगळी मुर्री लोटली होती. उपसरपंच खुर्चीवर होते. खेमराज जॅकेट घालून पुढे उभा होता आणि राजकुमारी बायकांच्या पहिल्या रांगेत होती, नवऱ्याचं मोठेपण जवळून बघायला.

रंजितानं पट्टा सोडला. भुरी ढिगाऱ्यावर चढली, एक चक्कर मारली, एका मोठ्या दगडाजवळ क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली. मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग भुरीनं नाक वर केलं, वारा घेतला, ढिगाऱ्यावरून खाली उतरली, सरळ गर्दीत आली आणि खेमराजच्या समोर बसून शिकवल्याप्रमाणे भुंकायला लागली. थांबेचना.

लोक हसले. खेमराज म्हणाला की ती मला ओळखते, लाड करून राहिली. रंजितानं तिला पुन्हा ढिगाऱ्याकडे पाठवलं. भुरी या खेपेला उपसरपंचांच्या खुर्चीपुढे जाऊन बसली. तिसऱ्यांदा पाठवली तर ती मॅडमच्या गाडीकडे गेली. गाडी गोंदियाहून भाड्यानं घेतलेली होती आणि आत गोंदियाचा ड्रायव्हर पाय पसरून बसला होता. भुरीनं त्याला इतक्या खात्रीनं शोधून काढलं की तो हात वर करून खाली उतरला.

काय झालं ते सगळ्यांत आधी राजकुमारीला कळलं. ती शांतपणे उठली, खेमराजपर्यंत गेली, नारिंगी जॅकेटच्या आतल्या खिशात हात घातला आणि पन्नीची पुडी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"महादेव प्रतापगडातच राहते अन् तुमी मुर्रीत, असं होय का जी?"

खेमराजजवळ आवाज चांगला होता, पण तो त्या वेळी कामाला आला नाही.

मॅडमनी विचारलं की हे काय आहे. पाच-सहा जणांनी एकदम सांगितलं, त्यातल्या दोघांनी तोंडातलं थुंकून येऊन सांगितलं. मॅडमनी पुडी हुंगून बघितली, नाक आक्रसलं, आणि मग एक सरळ गोष्ट केली. अंगणाच्या टोकाला ताडपत्री पसरायला लावली आणि म्हणाल्या की ज्याच्याकडे हे असेल त्यानं तिथं ठेवावं, नाव विचारणार नाही. तेव्हा खर्र्यावर सरकारची बंदी होती, त्यामुळे तो कोणाकडेच नव्हता. ताडपत्रीवर मात्र बघता बघता ढीग झाला. उपसरपंचांनी आपली पुडी दुसऱ्याच्या हातानं पाठवली.

भुरीला सोडलं. ती त्या ढिगापुढे जाऊन बसली आणि जन्माचं काम सापडल्यासारखी भुंकली. थोड्या वेळानं ढिगाऱ्यातून पुण्याच्या तरुणाचा आवाज आला, की मॅडम, मी बाहेर येऊ का?

छोटेलालला हा प्रकार फार लागला. आपण वर्षभर जीव धोक्यात घालून झोपलो, आणि हे कुत्रं आपल्याला नाही, आपल्या खिशाला शोधत होतं. "हमको तो पहचानती भी नहीं," तो ज्याला त्याला सांगत सुटला.

मॅडम रंजिताकडे वळल्या आणि म्हणाल्या की नाइलाज आहे, ही नापास. रंजिता परक्या माणसापुढे फार बोलणारी नव्हती. पण तिला मालधक्का दिसत होता.

"मॅडम, ती नाही चुकली. आमी चुकलो. तिनं वर्षभर जो माणूस पाह्यला, त्याच्याजवळ खर्रा होता. तिले वाटलं माणसाचा वासच असा असते. तुमीच सांगा, तिनं अजून काय समजावं?"

मॅडम चष्मा काढून ताडपत्रीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी निकाल दिला नाही. पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. लपणाऱ्याच्या खिशात, तोंडात, हातावर, कपड्यावर खर्रा नको. अशी माणसं आणून शिकवा, मग मला फोन करा, पुढचं बघू. तोवर केंद्र चालू.

मुदत मिळाली, माणसं मिळेनात. छोटेलाल एक दिवस खर्रा सोडून लपायला तयार झाला. दुपारच्या आत तो ढिगाऱ्यातून आपणहून निघाला आणि डोकं गरगरतं म्हणून घरी गेला. प्रेमिला खर्रा खात नव्हती, पण सकाळ-संध्याकाळ गुडाखूनं दात घासायची, म्हणजे तंबाखू आलीच. शाळेतली पोरं चालली असती, पण पोराला दगडाखाली ठेवायला कोणाची आई कबूल होईना. लोकेश म्हणाला की मी तर फक्त सणालाच खातो. रंजितानं त्या महिन्यातले सण मोजले आणि त्याचं नाव सोडून दिलं.

इकडे राजकुमारीला भुरीचा वेगळाच उपयोग सापडला होता. भुरीला फिरवताना रंजिताला रोज बिसेनांच्या अंगणावरूनच जावं लागे, कारण राजकुमारी तिला हाक मारून चहाला बसवी. भुरी खेमराजकडे बघून गप्प राहिली तर त्याला भाजी मिळे. बसून भुंकली तर नुसतं वरण. खेमराज त्या वेळी शेतावर जायला लागला. या वयात त्याचं शेतीवर प्रेम वाढलेलं बघून शेजाऱ्यांना नवल वाटलं.

अशात झड लागली आणि देवरीकडच्या एका गावात मातीचं घर बसलं. पथकाला बोलावणं आलं. ते जीपनं पोचले तेव्हा गावकरी निवांत उभे होते. घरात कोणी नव्हतं म्हणे. सून-मुलगा धानाच्या रोवण्याला गेले होते, आणि म्हातारा उदाराम जंगलात सात्या वेचायला. पावसात या रानभाज्या निघतात, म्हातारा दरवर्षी जातो. खेमराजनं शिट्टी वाजवून परत फिरायचं सांगितलं. पण भुरी ओल्या मातीवर, छपराच्या कवेलूंच्या खचावर, एका कोपऱ्यात बसली आणि भुंकायला लागली. रंजितानं दोनदा ओढली, दोनदा तिथंच जाऊन बसली.

खेमराज म्हणाला की पुडी दबली असेल. रंजिता म्हणाली, "मंग पुडी काढा भाऊ."

हातांनी माती काढली, बांबू उचलले. खाली खाटेच्या आडोशाला उदाराम निघाला, जिवंत, एक पाय मोडलेला. तो जंगलात गेलाच नव्हता. पाऊस बघून वाटेतूनच परत येऊन निजला होता. त्याची मूठ आवळलेली होती. पाणी पाजल्यावर पहिलं वाक्य तो बोलला ते हे, "पन्नी फुटली का पाह्य बे." शेतावरून धावत आलेल्या मुलानं मूठ उघडून पाहिली. शाबूत होती.

त्या दिवसापासून भुरीचं नाव देवरीपर्यंत झालं, आणि गावाचा एक सिद्धांत पक्का झाला. खर्रा खाणाऱ्याला मरण नाही. पानठेल्यावर तर हे फार मोठ्यानं बोललं जायचं. जो माणूस खिशात पुडी ठेवत नाही तो आपल्या जिवाशी खेळतो, असं खेमराज घरीसुद्धा बोलून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजकुमारी एकटीच मिलमध्ये आली. लुगड्याचा काष्टा घातलेला, डोक्याला फडकं बांधलेलं. रंजिता भुरीला भात घालत होती.

"लपतात तिथं मीच लपीन," ती म्हणाली.

रंजिताला आधी मस्करी वाटली. बिसेनांच्या घरची सून ढिगाऱ्यात शिरणार, हे मुर्रीनं पाहिलं नव्हतं.

"काऊन वो काकू?"

"काऊन म्हणतेस? आमच्या घराची मागची भिंत मातीचीच होय. उद्या पडली, तर ते निघतीन, सासरा निघन, गडी निघन. कुत्रं साऱ्यायले काढन. अन् ज्या बाईनं उभ्या जन्मात तोंडात तंबाखू घातली नाही, ते खालीच राहीन. हा कोन्ता न्याय होय?"

रंजितानं भाताची पाटी ठेवली आणि जुन्या बॉयलरकडची जागा दाखवली.

पहिले कित्येक दिवस भुरी राजकुमारीच्या अंगावरून जायची आणि बाहेर रस्त्यानं जाणाऱ्या माणसावर भुंकायची. राजकुमारी आतून विचारायची, की गेली का वो? मग रंजिता तिला उगाच हाक मारायला, टायरचा तुकडा हलवायला लावायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. एकाच बाईची सवय लागू नये म्हणून राजकुमारीनं आणखी बाया आणल्या. बचत गटाच्या, माहेरच्या, नणंदेच्या गावच्या. प्रत्येकीचा हात ती स्वतः हुंगून घ्यायची, गुडाखूवालीला परत पाठवायची. बायांनाही ते आवडायला लागलं. दिवसभरात घटकाभर कोणी हाक मारणार नाही अशी जागा त्यांना दुसरीकडे कुठं मिळणार होती? एक तर सापडल्यावरसुद्धा बाहेर यायला तयार नव्हती.

आणि पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी भुरी ढिगाऱ्यावर चढली, फाटकाबाहेर शालीकराम ताजी पुडी चोळत उभा होता त्याच्याकडे तिनं बघितलं, मान फिरवली, आणि बॉयलरमागे जाऊन बसून भुंकली. राजकुमारी केसांतला तांदळाचा कोंडा झटकत बाहेर आली. दोन्ही हातांनी भुरीचा अर्धा कान धरून तिनं तिला हलवलं. दुसऱ्या दिवशी भुरीनं तिच्या नणंदेला काढलं. तिसऱ्या दिवशी, कधी न पाहिलेल्या एका बाईला.

रंजितानं पुन्हा तोच हिशोब मांडला. भुरी खरंच तयार झाली होती, म्हणजे ती खरंच जाणार होती. मुदत संपत आली होती. फोन करायचा होता.

फोन करताना राजकुमारी समोर पोत्यावर बसली होती. आदल्या दिवशी तिनं सुचवून पाहिलं होतं, की कच्ची आहे म्हणून सांग, इथं कोण बघायला येतं? रंजिताला खोटं बोलायचं नव्हतं. उद्या कुठं घर पडलं आणि कच्ची म्हणून भुरीला नेलंच नाही, तर ते कोणाच्या माथी? रात्रभर तिनं काय सांगायचं ते मनात फिरवलं होतं. मॅडमनी उचलल्यावर तिनं सगळं नीट सांगितलं. खर्रा असलेला सापडतो, नसलेलाही सापडतो, बाया सापडतात, म्हातारे सापडतात.

"छान," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे पास समजू?"

"इकडल्या माणसासाठी पास समजा मॅडम," रंजिता म्हणाली. "पुण्याच्या माणसाचं मले सांगता येत नाही. पुण्याचा एकच आला होता, अन् त्याले तिनं काढलं नाही. तुमी त्याले परत पाठवा. त्याच्यावर पाहून घेऊ."

मॅडम काही दुधखुळ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तो आता येत नाही म्हणतो. त्या दगडाखाली त्याच्या मानेजवळ विंचू होता."

"असते जी, पावसाच्या आधी."

"तुमच्या माणसांना नाही दिसत विंचू?"

"त्यायले सवय हाये."

मग मॅडमनी विचारलं की देवरीला तो म्हातारा निघाला तो कसा आहे. रंजितानं सांगितलं की चालतो, काठी लागते. मॅडम म्हणाल्या की मग असं करू, कुत्रीला मुर्रीतच राहू दे, केंद्रही राहील, वर्षाला एकदा मी येऊन बघत जाईन. आणि मी येईन तेव्हा चहा तेवढा कमी गोड.

रंजितानं फोन ठेवला. तिचा चेहरा बघून राजकुमारीला काही कळेना.

"काय म्हणे?"

"राहू दे म्हणे."

राजकुमारीनं मान हलवली, जशी दुकानात भाव बरोबर लागल्यावर हलवतात. पोत्यावरून उठून तिनं लुगडं झटकलं. उद्या तिरोड्याहून तिची जाऊ येणार होती, तिला लपायला कधी आणायचं ते तिनं विचारून घेतलं. मग फडकं पुन्हा डोक्याला बांधलं आणि आजचं राहिलेलं लपून घ्यायला बॉयलरकडे निघाली. जाता जाता म्हणाली की मले लवकर काढाय लावजो, चुलीवर दूध ठेवून आली.